संशोधनाला माणूस लागतो

चांगल्या संशोधनाचा प्रचार करावा लागत नाही, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. रिपोर्ट नीट लिहावा, इंटरनेटवर फुकट ठेवावा, ज्याला गरज असेल तो शोधून काढेल. त्यासाठी परिषदांमध्ये टेबलं मांडायची, त्यांवर रिपोर्टांचे गठ्ठे रचायचे आणि मागे हसऱ्या चेहऱ्याची माणसं उभी करायची, हे मला पटत नसे. तोच पैसा आणखी एखाद्या अभ्यासाला द्यावा, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवत असे. आता मी स्वतः त्या टेबलामागे उभी राहते. पगार नाही, मानधन नाही, आपली रजा खर्चून उभी राहते. मत एका झटक्यात बदललं नाही, आणि सगळंच बदललं असंही नाही. जे बदललं आणि जे अजून तसंच आहे, ते दोन्ही इथे मांडते.

मी विमानतळ-नियोजनाचं काम करते. स्थापत्य अभियांत्रिकी सांगलीत शिकले, पुढचं शिक्षण अमेरिकेत झालं आणि तेव्हापासून इथेच, मिडवेस्टमधल्या एका सल्लागार कंपनीत आहे. इथली विमानतळांची व्यवस्था आपल्यापेक्षा अगदी वेगळी आहे आणि ती समजल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. आपल्याकडे विमानतळ म्हटलं की भारतीय विमानतळ प्राधिकरण डोळ्यांसमोर येतं. मुंबई-दिल्लीसारखे मोठे विमानतळ खासगी कंपन्यांकडे गेले, तरी एका ठिकाणचा अनुभव दुसऱ्या ठिकाणी न्यायला मधे एक मोठी संस्था आहे. अमेरिकेत तसं नाही. विमानतळ शहराचा असतो, काउंटीचा असतो किंवा एखाद्या स्थानिक प्राधिकरणाचा. एफएए, म्हणजे केंद्र सरकारचं विमान वाहतूक खातं, आकाशातली वाहतूक सांभाळतं, नियम करतं, अनुदान देतं. विमानतळ चालवत नाही. एफएएच्या राष्ट्रीय आराखड्यात सुमारे ३,३०० विमानतळ आहेत. त्यांतल्या बहुसंख्य ठिकाणी तिकीट काढून बसायची विमानं येतच नाहीत. फवारणीची विमानं, रुग्णांना नेणारी विमानं, शिकाऊ वैमानिक, कारखानदाराचं छोटं जेट, एवढाच तिथला राबता. प्रत्येकाचा मालक वेगळा, तिजोरी वेगळी, अडचणी मात्र बऱ्याचशा त्याच.

म्हणून २००३ साली ‘व्हिजन १००’ नावाच्या कायद्याने या सगळ्यांसाठी सामाईक संशोधनाची सोय केली. एअरपोर्ट कोऑपरेटिव्ह रिसर्च प्रोग्रॅम हे तिचं नाव. आम्ही सगळे एसीआरपी म्हणतो. प्रत्यक्ष काम २००५ च्या सुमारास सुरू झालं. पैसा एफएएकडून येतो आणि कारभार ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्ड पाहतं. हे बोर्ड १९२० सालचं, मुळात रस्त्यांच्या संशोधनासाठी निघालेलं. महामार्गांसाठी असा सामाईक कार्यक्रम १९६२ पासून आहे, शहरी बस-रेल्वेसाठी १९९२ पासून. विमानतळांचा नंबर या दोघांनंतर लागला. यातली मला नेहमी आवडलेली गोष्ट अशी की अभ्यासाचा विषय प्राध्यापकांनी ठरवायचा नसतो. विमानतळावर काम करणारा कुणीही आपली अडचण एका टिपणात लिहून पाठवू शकतो. निवड एक देखरेख समिती करते. मग प्रत्येक अभ्यासासाठी त्या धंद्यातल्या माणसांचं एक मंडळ बसतं, तेही विनामोबदला, आणि ते संशोधकाला शेवटपर्यंत वठणीवर ठेवतं. निघालेलं पुस्तक कुणालाही फुकट उतरवून घेता येतं, नांदेडला बसूनसुद्धा.

माझं जुनं मत या चोख व्यवस्थेवरच उभं होतं. आमच्या ऑफिसात टर्मिनलच्या आराखड्यावर काम सुरू झालं की एसीआरपीचा रिपोर्ट २५ टेबलावर येतो. २०१० सालचा, दोन खंडांचा, गणितं करायच्या तयार तक्त्यांसकट. सुरक्षा तपासणीला किती रांगा लागतील, सामानाच्या पट्ट्याभोवती माणसं किती दाटतील, याचे अंदाज आम्ही त्यावरून बांधतो. स्वच्छतागृहांसाठी रिपोर्ट १३० आहे. चाकांची बॅग घेऊन आत शिरलेल्या माणसाला दार लावता यायला हवं, नळ बिघडला तर प्लंबरला भिंतीमागून जाता यायला हवं, इतक्या बारकाईने तो लिहिला आहे. माझ्या भोवतीची सगळी माणसं हे रिपोर्ट वापरत होती. त्यामुळे ते पोहोचवण्यासाठी कुणी फिरावं लागतं हे मला कळायचं कारणच नव्हतं.

एसीआरपीचे अ‍ॅम्बॅसडर म्हणजे याच धंद्यातली स्वयंसेवक माणसं. कुणी विमानतळाचं ऑपरेशन्स सांभाळलेलं, कुणी पर्यावरण, कुणी माझ्यासारखं नियोजन. विमानतळवाल्यांच्या परिषदा, राज्यांच्या हवाई खात्यांच्या बैठका, तिथे ती जातात, टेबल लावतात, सत्रात बोलतात, येणाऱ्याजाणाऱ्याला रिपोर्टांची माहिती देतात. मी त्यांच्या समोरून अनेकदा पुढे गेले होते. एक पेन उचलायचं, मान हलवायची आणि चहाकडे वळायचं.

एका राज्य परिषदेत मात्र माझं सत्र आटोपलं होतं, पुढच्या सत्राला वेळ होता आणि मी त्या टेबलाशेजारच्या खुर्चीवर टेकले होते. टेबलामागे निवृत्तीला आलेले एक गृहस्थ होते, उभी हयात धावपट्टीवर गेलेली. समोर एक मॅनेजर आला. काउंटीच्या छोट्या विमानतळाचा मॅनेजर म्हणजे काय, हे सांगायला हवं. गवत तोच कापतो, हिवाळ्यात बर्फ तोच ढकलतो, इंधन तोच भरतो, हँगरची भाडी तोच गोळा करतो आणि महिन्यातून एकदा काउंटीच्या सभेत उभा राहून सगळ्याचा जाबही तोच देतो. त्याने विचारलं, “आवाजाच्या तोफांवर तुमच्याकडे काही आहे का? आमची जुनी झाली, नवी कोणती घ्यावी?”

या तोफा प्रोपेन गॅसवर चालतात, ठरावीक वेळाने मोठा बार काढतात आणि पक्षी उडवून लावतात. त्याच्या धावपट्टीच्या टोकाला कॅनडा गीज उतरत होते. हा पक्षी चार-पाच किलोचा असतो आणि थव्याने फिरतो. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कहून उडालेलं विमान दोन्ही इंजिनं बंद पडून हडसन नदीत उतरवावं लागलं, ते याच पक्ष्यांमुळे; १५५ जण वाचले म्हणून ती गोष्ट जगभर गोडीने सांगितली जाते.

टेबलामागच्या गृहस्थांनी रिपोर्टाला हातही लावला नाही. त्यांनी विचारलं, “आधीची तोफ चालत होती का?”

“पहिले काही आठवडे छान. मग तिच्या शेजारीच बसायला लागले.”

“उडवले की जातात कुठे?”

“तळ्यावर. पार्किंग वाढवलं तेव्हा पावसाच्या पाण्यासाठी केलंय ना, तिथे.”

“पाऊस थांबल्यावर पाणी किती वेळ राहतं?”

“कायमच असतं. काठाला हिरवळ लावलीय. काउंटी बोर्डावरच्या बाईंना फार आवडतं.”

त्यांनी पत्रक उलटं केलं आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पेनने तळ्याचा उभा छेद काढला. एका बाजूला त्याचं तळं: पसरट, उतरत्या काठाचं, पाण्यापर्यंत कोवळं गवत. गीजना याहून काय हवं? चरायला गवत, पोहायला पाणी, आणि उतारावरून कोल्हा येताना लांबूनच दिसतो. दुसऱ्या बाजूला हवं तसं तळं: अरुंद, लांबट, उभ्या काठाचं, दगडी अस्तराचं, मोठा पाऊस थांबल्यापासून ४८ तासांत रिकामं होणारं. ४८ तासांची ही मर्यादा एफएएच्या परिपत्रकातच आहे. पक्ष्यांना ओढणारी ठिकाणं धावपट्टीपासून किती लांब असावीत तेही त्यात आहे. पिस्टन इंजिनाची विमानं असतील तर ५,००० फूट, जेट किंवा इतर टर्बाइन इंजिनाची असतील तर १०,००० फूट. तळं पुन्हा खोदायला पैसे नसतील तर वरून तारा ताणता येतात, जाळी टाकता येते. मग त्यांनी गठ्ठ्यातून रिपोर्ट ३२ काढला. २०१० सालचा, मुद्दाम छोट्या विमानतळांसाठी लिहिलेला, पशुपक्ष्यांच्या धोक्यावरचा. सोबत पक्षी हुसकावण्याच्या साधनांवरचं २०११ सालचं संकलन दिलं. नुसत्या आवाजाला पक्षी सरावतात, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

मी दोन्ही वाचलेले होते. अशा तळ्यांची ड्रॉइंग माझ्या हाताखालून जातात. म्हणजे माहिती मला नवी नव्हती. नवं होतं ते वेगळंच. हा मॅनेजर रात्री घरी बसून इंटरनेटवर शोधत बसला असता तर त्याने तोफ शोधली असती. त्याला तोफाच सापडल्या असत्या, दहा कंपन्यांच्या, किमतींसकट. रिपोर्ट ३२ तेव्हाही फुकटच होता, एका क्लिकवर होता, आणि त्याच्या काही उपयोगाचा नव्हता, कारण आपली अडचण पक्ष्यांची नसून तळ्याची आहे हे त्याला माहीत नव्हतं. ज्याला गरज असेल तो शोधून काढेल, या माझ्या वाक्यात एक गोष्ट गृहीत होती: नेमकी गरज कशाची आहे हे त्याला ठाऊक असतं. आमच्यासारख्या दिवसभर कागदात असणाऱ्यांना ते ठाऊक असतं. जो एकटा विमानतळ चालवतो त्याच्यासमोर अडचण येते ती गीजच्या विष्ठेच्या, बोर्डावरच्या बाईंच्या नाराजीच्या, वैमानिकाच्या तक्रारीच्या रूपात. तिच्यावर कुणी अभ्यास केला असेल, ही शंकाही त्याला येत नाही.

त्या दिवसानंतर मी या गोष्टीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. नियम आणि संशोधन यांच्यात मोठा फरक आहे. प्रवासी विमानं उतरणाऱ्या विमानतळांना केंद्रीय नियमावलीच्या भाग १३९ प्रमाणे प्रमाणपत्र घ्यावं लागतं, एफएएचा निरीक्षक नियमित येतो, पक्ष्यांचा उपद्रव झाला तर तज्ज्ञाकडून पाहणी करून घ्यावी लागते. नियम स्वतःच्या पायांनी दारात येतो. एसीआरपीच्या रिपोर्टाला असा काही अधिकार नाही. तो पाळला नाही म्हणून कुणाचं अनुदान थांबत नाही, कुणी नोटीस काढत नाही. आणि छोट्या विमानतळांना बहुतेकदा तो निरीक्षकही नसतो. म्हणजे ज्या ठिकाणी सल्ल्याची सर्वांत जास्त गरज, तिथेच सल्ला आपोआप पोहोचण्याची वाट बंद. सक्ती नसलेली गोष्ट माणसाच्या तोंडूनच जावी लागते, आणि ते तोंड ओळखीच्या धंद्यातलं असावं लागतं. त्या गृहस्थांच्या जागी जाहिरात कंपनीची एखादी हुशार मुलगी असती तर तिने तोफांचा रिपोर्ट शोधून दिला असता आणि मॅनेजर समाधानाने गेला असता.

मला हे खरं तर घरातच शिकायला मिळालं होतं. आमच्याकडे तासगाव भागात द्राक्षं आहेत. जिबरेलिक अ‍ॅसिडमध्ये घड कधी बुडवायचे, छाटणीनंतर कोणत्या फवारण्या घ्यायच्या, याची विद्यापीठांची पत्रकं माळ्यावर पडून असायची. बागेत बदल व्हायचा तो शेजारच्या बागायतदाराच्या वेलाखाली उभं राहून, घड हातात घेऊन बोललं की. आणि ज्ञान उलटही वाहायचं; तास-ए-गणेश ही जात याच भागातल्या एका शेतकऱ्याच्या मळ्यातून पुढे आली, प्रयोगशाळेतून नाही. अमेरिकेने तर १९१४ साली स्मिथ-लीव्हर कायदा करून कृषी महाविद्यालयांचं संशोधन बांधापर्यंत नेणारी माणसं पगारावर नेमली. शेतीच्या बाबतीत जे शंभर वर्षांपूर्वी मान्य झालं, ते विमानतळांच्या बाबतीत मला पटायला इतका वेळ लागला, कारण विमानतळ म्हणजे सुशिक्षितांचा, यंत्रांचा, आकड्यांचा कारभार अशी माझी समजूत होती. सांगणारं माणूस अडाण्यांना लागतं, हा भाव तिच्या तळाशी होता. तो मला स्वतःत दिसला तेव्हा वाईट वाटलं.

पुढे मी अ‍ॅम्बॅसडर म्हणून नाव दिलं. टेबलामागे उभं राहिल्यावर पहिली गोष्ट शिकले ती म्हणजे “हे आमचं नाही” या उत्तराला सामोरं जाणं. विमानांचा खोळंबा झाल्यावर काय करायचं यावर २०१२ सालचा रिपोर्ट ६५ आहे. २००७ च्या व्हॅलेंटाइन दिवशी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर बर्फाच्या वादळात प्रवासी तासन्‌तास विमानात अडकून पडले, त्यानंतर मोठा गहजब झाला आणि २०१० पासून देशांतर्गत प्रवाशांना जमिनीवर उभ्या विमानात, सुरक्षेचं कारण नसेल तर, तीन तासांहून जास्त अडकवून ठेवता येत नाही. छोट्या विमानतळाचा मॅनेजर म्हणतो, आमच्याकडे एअरलाइनच नाही, आम्हाला याचं काय? मग विचारावं लागतं: तुमची धावपट्टी किती लांब आहे? शेजारच्या मोठ्या विमानतळावर वादळ आलं तर विमानं कुठे वळवतील? दीडशे माणसं तुमच्या धावपट्टीवर उतरली तर शिडी आहे का? शौचालयं किती? रात्री किल्ली कुणाकडे? इथे माणूस गप्प होतो आणि खुर्ची ओढतो.

दुसरा विषय माझ्या मनाच्या अगदी जवळचा. अमेरिकेत मुलांकडे येणाऱ्या मराठी आई-वडिलांना ठाऊक आहे: तिकिटाबरोबरच व्हीलचेअर मागवून ठेवायची. माझी आई रोज सकाळी चालायला जाते, जिना चढताना तिला दम लागत नाही, तरी ती व्हीलचेअर मागवते. कारण विचारलं तर म्हणते, “पाय चालतात गं, पण कुठे जायचं ते कळत नाही. खुर्चीत बसलं की कुणाला काही विचारावं लागत नाही.” भारतातून आलेल्या विमानाच्या दारात खुर्च्यांची रांग पाहून विमानतळवाले हैराण होतात. १९८६ च्या कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी ही सेवा फुकट द्यायची जबाबदारी एअरलाइनवर टाकली आहे, त्यामुळे विमानतळ म्हणतो, तो त्यांचा प्रश्न. पण आईने जे सांगितलं तो एअरलाइनचा प्रश्न नाही, इमारतीचा आहे. कॉरिडॉर लांबच लांब आणि मधे एकही पाटी नाही. एका पाटीवर ‘बॅगेज क्लेम’, दुसरीवर नुसतंच सुटकेसचं चित्र. वळणाच्या अलीकडे लागणारी पाटी वळणाच्या पलीकडे. बसायला बाक नाही म्हणून थांबून विचार करायचीही सोय नाही. वयस्कर प्रवाशांवर २०१४ सालचं एक संकलन आहे आणि वृद्ध-अपंगांना वाट सापडावी यासाठी २०१७ चा रिपोर्ट १७७ आहे.

एका मध्यम विमानतळाच्या टर्मिनल मॅनेजरबाईंना मी तो देऊ केला तेव्हा त्या म्हणाल्या, आमच्या पाट्या कायद्यात बसतात, अक्षरांची उंची मापलेली आहे. मी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आईबद्दल सांगितलं. मग म्हटलं, विमानातून उतरणाऱ्या एखाद्या आजींच्या मागे दहा पावलं अंतर ठेवून एकदा चाला, त्या कुठे थबकतात तिथे खूण करा. पुढच्या परिषदेत त्या मला शोधत आल्या. थबकण्याच्या जागा त्यांनी नकाशावर लाल पेनने मांडल्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच एकाच वळणावर होत्या. रिपोर्ट त्यांनी आता वाचला होता. आधी दिला असता तर उघडला नसता.

टेबलावरून जे परत जातं त्याचीही मला पूर्वी कल्पना नव्हती. लोक तक्रारी घेऊन येतात, आणि त्यांतली एखादी अशी असते की तिच्यावर रिपोर्टच नाही. तेव्हा तुम्हीच टिपण लिहा, असं सांगायचं. लोक बिचकतात. आम्ही कसले संशोधक, म्हणतात. मी एका मॅनेजरबरोबर बसून असं टिपण लिहून घेतलं. तो बोलत होता, मी विचारत होते: हे किती ठिकाणी घडत असेल, आत्ता लोक काय करतात, उत्तर मिळालं तर तुम्ही सोमवारी सकाळी काय वेगळं कराल? ते टिपण निवडलं गेलं नाही. विषय भरपूर असतात आणि पैसा मोजकाच, हे त्यालाही माहीत होतं. तरी तो म्हणाला की त्याच्या अडचणीबद्दल इतके प्रश्न त्याला आजवर कुणी विचारले नव्हते. देखरेख समितीपुढे मोठ्या विमानतळांचीच टिपणं जाऊन पडली, तर पुढची पुस्तकंही त्यांच्याच कामाची निघतील. हा असमतोल भरून काढायचं काम टेबलामागच्या माणसाचं आहे, असं मला आता मनापासून वाटतं.

आता जे बदललेलं नाही ते. किती पत्रकं वाटली, किती माणसं टेबलाशी थांबली, याच्या हिशोबाला मी तेव्हाही किंमत देत नव्हते, आजही देत नाही. पत्रक वाटणं सोपं आहे. ते हॉटेलच्या खोलीतच राहतं. रिपोर्ट उतरवून घेतल्याच्या आकड्यालाही मी फार भुलत नाही. कुठल्या तळ्याचा काठ बदलला, कुठली पाटी वळणाच्या अलीकडे आली, हे कळायला वर्षं लागतात आणि बहुतेकदा कळतही नाही. दुसरं, मी सल्लागार कंपनीत आहे. टेबलामागे सल्लागार उभा राहिला की तो संशोधन देतोय की गिऱ्हाईक शोधतोय, ही शंका समोरच्याला यायलाच हवी. माझी आधीची नाराजी यावरही होती आणि ती रास्त होती. म्हणून टेबलामागे मी कंपनीचं कार्ड ठेवत नाही, आणि कुणी कामाबद्दल विचारलंच तर आज तो विषय नको असं सांगते. काही रिपोर्ट जुने झाले आहेत, काही फार जाड आहेत, काहींमधली उदाहरणं इतक्या मोठ्या विमानतळांची आहेत की छोट्याला त्यांचा उपयोग नाही. तेही तिथेच, त्याच टेबलावर सांगितलं पाहिजे. ‘हा तुमच्यासाठी नाही’ असं ज्या अ‍ॅम्बॅसडरला म्हणता येत नाही, त्याच्या ‘हा जरूर वाचा’ला काय अर्थ?

आणि सर्वांत मोठी उणीव तशीच आहे. टेबल परिषदेत असतं, आणि परिषदेला तोच येतो ज्याच्या मागे विमानतळ सांभाळायला दुसरं कुणी आहे. नोंदणीचे पैसे, हॉटेल, दोन दिवस गैरहजेरी, हे एकट्या मॅनेजरला कुठून परवडणार? अशा विमानतळाला केंद्राच्या नेहमीच्या अनुदान योजनेतून वर्षाला फार तर दीड लाख डॉलर ठरलेलं अनुदान असतं आणि ते धावपट्टीच्या भेगा बुजवण्यातच जातं. तळ्याचा तो मॅनेजर त्या वर्षी परिषदेला आला, कारण परिषद त्याच्या गावापासून तासाभरावर होती. ती राज्याच्या दुसऱ्या टोकाला असती तर त्याने नवी तोफ घेतली असती.

मिडवेस्टमध्ये उन्हाळ्यात छोट्या विमानतळांवर शनिवार-रविवारी पॅनकेक ब्रेकफास्ट असतात. हँगरमधली विमानं बाहेर काढतात, लांब टेबलं मांडतात, आजूबाजूच्या गावांतले वैमानिक आपापली विमानं घेऊन येतात, शेतकरी मुलाबाळांना घेऊन येतात, काउंटी बोर्डाची माणसंही येतात. शेजारच्या विमानतळांचे मॅनेजर तिथे हमखास भेटतात, आणि ज्या गोष्टीबद्दल बोलायचं ती दाराबाहेरच असते: ते गवत, ते तळं, ती धावपट्टी. टेबल तिथे न्यावं, असं मी एसीआरपीला लिहून कळवलं आहे. टर्मिनलचे जाड खंड ऑफिसात राहू देत. सोबत छोटे विमानतळ चालवण्यावरचा रिपोर्ट १६, पक्ष्यांवरचा ३२ आणि कोऱ्या कागदांचं एक पॅड एवढं पुरे. परवानगी मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर मी आणि आणखी दोघं स्वतःच्या गाडीने जाणार आहोत.